मुद्रणपूर्व दर्शन : पडद्यावरील पृष्ठ आणि देवनागरी पाठ

१. विषयप्रवेश

ग्रंथ छापून होण्यापूर्वी त्याचे पान एकवार डोळ्यांखालून घालावे, ही गरज मुद्रणकलेइतकीच जुनी आहे. खिळ्यांच्या छापखान्यात ती मुद्रितांनी भागविली जात असे. जुळाऱ्याने खिळे जुळवून गॅली भरावी, तीवर शाई फिरवून कागदावर एक ठसा काढावा, आणि मुद्रितशोधकाने तो ठसा हस्तलिखिताशी ताडून पाहावा, असा तो क्रम होता. ह्या क्रमात तीन वस्तू एकमेकींपासून स्पष्टपणे वेगळ्या होत्या : लेखकाचे हस्तलिखित, जुळविलेले खिळे आणि कागदावरील ठसा. चूक ठशात दिसे, दुरुस्ती खिळ्यांत होई, आणि प्रामाण्य मात्र हस्तलिखिताचे असे.

संगणकाच्या साहाय्याने अक्षरजुळणी होऊ लागल्यावर कागदी ठशाची जागा हळूहळू पडद्याने घेतली. हे स्थित्यंतर दोन वाटांनी झाले. एका वाटेने गेलेल्यांनी लेखन, जुळणी आणि दर्शन ही तिन्ही कामे एकाच पडद्यावर एकत्र केली. आज बहुसंख्य लोक ह्याच पद्धतीने लिहितात. दुसऱ्या वाटेने गेलेल्यांनी ही तिन्ही कामे पृथक् ठेवली. लेखन एका फाइलीत करावे, जुळणी दुसऱ्या आज्ञावलीकडून करवावी, आणि जुळलेले पान पाहण्यासाठी टर्मिनलवर एक आज्ञा टंकून तिसरी आज्ञावली चालवावी, अशी ही रीत होय. ह्या तिसऱ्या प्रकारच्या आज्ञावलीला आपण 'पूर्वदर्शक' म्हणू. तिचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे 'एक्सडीव्हीआय'.

प्रस्तुत लेखात ह्या पूर्वदर्शकाचा इतिहास व त्याची कार्यपद्धती सांगून, देवनागरीतील लेखनाच्या संदर्भात त्याचा विचार करावयाचा आहे. विषय यंत्रविद्येचा वाटला तरी त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न भाषाशास्त्राचा व पाठचिकित्सेचा आहे. पडद्यावर जे दिसते तो 'पाठ' आहे, की पाठाची केवळ प्रतिमा? रोमन लिपीत लिहिणाऱ्याला हा प्रश्न फारसा जाणवला नाही. देवनागरीत लिहिणाऱ्याला मात्र तो टाळता आला नाही, आणि त्याचे जे उत्तर आपण व्यवहारात दिले त्याचे परिणाम आजही आपल्या संशोधनाला भोगावे लागत आहेत.

२. पूर्वपीठिका

मजकुरातच जुळणीच्या सूचना लिहून ठेवण्याची कल्पना १९६० नंतरच्या दशकातील आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये जेरोम साल्ट्झर ह्यांनी १९६४ साली 'रनऑफ' ही आज्ञावली रचली. ओळीच्या आरंभी टिंब देऊन त्यापुढे सूचना लिहावयाची, असा तिचा संकेत होता. हाच संकेत पुढे अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत 'एन्‌रॉफ' व 'ट्रॉफ' ह्या आज्ञावलींनी स्वीकारला. जोसेफ ओसाना ह्यांनी १९७३ च्या सुमारास लिहिलेली 'ट्रॉफ' ही आज्ञावली प्रकाशाच्या साहाय्याने अक्षरे उमटविणाऱ्या एका विशिष्ट जुळणीयंत्रासाठी होती. तिचे फलित पाहावयाचे तर प्रकाशग्राही कागद रसायनांत धुऊन काढावा लागे. हा खर्च व वेळ टाळण्यासाठी लेखक आधी त्याच मजकुरावर 'एन्‌रॉफ' चालवून टंकलेखनासारखा ओबडधोबड नमुना पाहत. त्यात ओळी व परिच्छेद कळत. अक्षरांचे आकार व रुंदी मात्र कळत नसे. पूर्वदर्शनाची ही पहिली अवस्था म्हणता येईल.

ह्याच सुमारास कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात वेगळाच प्रयोग चालू होता. तेथे १९७३ साली सिद्ध झालेल्या 'आल्टो' संगणकाचा पडदा उभ्या कागदाच्या आकाराचा असून त्यावरील प्रत्येक बिंदू स्वतंत्रपणे काळा अथवा पांढरा करता येत असे. आडवे ६०६ व उभे ८०८ असे ते बिंदू होते. १९७४ साली बटलर लॅम्पसन व चार्ल्स सिमोनी ह्यांनी त्यासाठी 'ब्राव्हो' ही लेखनाची आज्ञावली तयार केली. तीत जे पडद्यावर दिसे तेच कागदावर उतरावे, असा उद्देश होता. पूर्वी उल्लेखिलेल्या पहिल्या वाटेचा आरंभ येथे झाला. तथापि बिंदूंच्या पडद्याचा लाभ पुढे दुसऱ्या वाटेलाही तितकाच झाला, हे ध्यानात घेतले पाहिजे.

त्या दुसऱ्या वाटेचे प्रवर्तक स्टॅनफर्ड विद्यापीठातील गणिती डोनाल्ड क्नूथ हे होत. त्यांच्या संगणनविषयक बृहद्‌ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची नवी आवृत्ती निघावयाची होती. पहिली आवृत्ती तप्त धातूच्या खिळ्यांची. नव्या आवृत्तीची मुद्रिते १९७७ च्या मार्चमध्ये हाती आली ती प्रकाशजुळणीची होती, आणि ती क्नूथ ह्यांना इतकी असमाधानकारक वाटली की त्यांनी जुळणीची स्वतंत्र आज्ञावली रचण्याचे मनावर घेतले. ह्या आज्ञावलीच्या नावात ग्रीक भाषेतील टाउ, एप्सिलॉन व खी ही तीन अक्षरे आहेत. कला व कौशल्य ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दाचा तो आरंभ होय. तेव्हा मराठीत ते नाव 'टेख' असे लिहिणे मूळ उच्चाराच्या सर्वांत जवळ जाते. संस्कृतातील 'तक्षन्' हा सुतारवाचक शब्द त्याच मूळ धातूचा, ही गोष्ट येथे जाता जाता नोंदविण्यासारखी आहे.

मुद्रिताच्या असमाधानातून जन्मलेल्या ह्या आज्ञावलीत प्रारंभी मुद्रित पाहण्याची सोय कागदावरच होती. ती पडद्यावर येण्यासाठी जुळणी आणि यंत्र ह्यांच्या मध्ये एक तटस्थ भाषा असणे आवश्यक होते. ही भाषा १९७९ साली क्नूथ ह्यांचे सहकारी डेव्हिड फुक्स ह्यांनी निर्माण केली.

३. यंत्रनिरपेक्ष फाइल

ह्या भाषेत लिहिलेल्या फाइलीला 'डीव्हीआय' म्हणतात, आणि 'यंत्रनिरपेक्ष' असा त्या आद्याक्षरांचा अर्थ आहे. 'टेख' ही आज्ञावली जुळणी पूर्ण करून जी फाइल मागे ठेवते ती हीच. तिची रचना थोडी तपशीलवार पाहणे अवश्य आहे, कारण पुढील सर्व विवेचन तिच्यावर अवलंबून आहे.

डीव्हीआय फाइल म्हणजे एका कल्पित लेखणीला दिलेल्या सूचनांची मालिका होय. 'इतके उजवीकडे सरक', 'इतके खाली उतर', 'अमुक फॉन्ट हाती घे', 'त्यातील अमुक क्रमांकाचा आकार येथे उमटव', अशा त्या सूचना असतात. अंतरे मोजण्याचे परिमाण अतिशय सूक्ष्म आहे. एका इंचात ७२.२७ पॉइंट व एका पॉइंटात ६५,५३६ सूक्ष्मभाग, म्हणजे एका इंचाचे सुमारे ४७ लक्ष ३६ हजार भाग होतात. दृश्य प्रकाशाच्या तरंगाची लांबी असे सुमारे शंभर भाग भरते. अर्थात कोणतेही छपाईयंत्र ह्याहून अधिक बारीक असूच शकत नाही. यंत्रनिरपेक्षता ती हीच. फाइलीत जुळणीचा आदर्श नोंदविलेला असतो, आणि प्रत्येक यंत्र आपापल्या शक्तीनुसार त्याच्या जवळ जाते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. डीव्हीआय फाइलीत अक्षरांचे आकार नसतात. फॉन्टाचे नाव, त्याचे आकारमान व पडताळणीचा एक अंक एवढेच तीत लिहिलेले असते. आकार स्वतंत्र फाइलींत असतात, आणि ते क्नूथ ह्यांच्याच 'मेटाफॉन्ट' ह्या दुसऱ्या आज्ञावलीने गणिती वर्णनावरून काढलेले असतात. म्हणजे डीव्हीआय फाइल उघडून पाहिली तर तीत ना लेखकाचा मजकूर सापडतो, ना पानाचे चित्र. खिळ्यांच्या छापखान्याची उपमा द्यावयाची तर, कोणत्या पेटीतील कितव्या घरातला खिळा कोठे बसवावा, ह्याची ती केवळ यादी आहे. पेटी वेगळी ठेवलेली असते.

पानांची व्यवस्थाही लक्षणीय आहे. प्रत्येक पानाच्या आरंभी त्याच्या आधीच्या पानाचा ठिकाणा लिहिलेला असतो आणि फाइलीच्या शेवटी अखेरच्या पानाचा. म्हणून पूर्वदर्शक फाइल शेवटाकडून वाचू लागतो, ठिकाणांची साखळी पकडत मागे जातो, आणि सर्व पानांचे कोष्टक बनवितो. त्यामुळे तीनशे पानांच्या प्रबंधातील दोनशे सतरावे पान एकदम समोर आणता येते.

४. आज्ञेने उघडणारा पडदा

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये १९८४ साली रॉबर्ट शाइफलर व जिम गेटिस ह्यांनी 'एक्स' ही चौकटींची पद्धती सुरू केली, आणि तिचे अकरावे रूप १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. तीमुळे युनिक्स संगणकांच्या बिंदुमय पडद्यांवर चित्र व अक्षर ही दोन्ही सारख्याच सुलभतेने दाखविता येऊ लागली. डीव्हीआय फाइल पडद्यावर दाखविणारी एक आज्ञावली कार्नेगी मेलन विद्यापीठातील एरिक कूपर ह्यांनी एका विशिष्ट पडद्यासाठी लिहिली होती. शाइफलर ह्यांनी ती 'एक्स' पद्धतीत आणली, आणि मार्क आयकिन ह्यांनी ती अकराव्या रूपासाठी बदलून घेतली. पुढे बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील पॉल व्होइटा ह्यांनी तिची दीर्घकाळ जोपासना केली. अनेक हातांनी मिळून एकच साधन घडविण्याचे हे नमुनेदार उदाहरण आहे.

ही आज्ञावली चालविण्याची रीत साधी होती. टर्मिनलवर तिचे नाव टंकावे, त्यापुढे आडवी रेघ देऊन हवे ते पर्याय लिहावेत, शेवटी फाइलीचे नाव द्यावे, आणि ओळ संपविण्यापूर्वी 'आणि' ह्या अर्थाचे इंग्रजी चिन्ह जोडावे. ह्या शेवटच्या चिन्हामुळे पूर्वदर्शक आपल्या चौकटीत स्वतंत्रपणे चालू राही व टर्मिनल पुढील आज्ञांसाठी मोकळे होई. चौकटीत पान दिसू लागल्यावर 'एन' दाबून पुढील पान, 'पी' दाबून मागील पान, आणि 'क्यू' दाबून समाप्ती, असा व्यवहार होता. अंक टंकून 'जी' दाबले की त्या क्रमांकाचे पान उघडे. लेखकाने मजकुरात दुरुस्ती करून पुन्हा जुळणी करविली की पूर्वदर्शक बदललेली फाइल ओळखून नव्याने वाची, आणि पूर्वी जे पान समोर होते त्याच पानावर उभा राही. मुद्रित, दुरुस्ती, पुन्हा मुद्रित हा छापखान्यात दिवसांचा असलेला फेरा अशा रीतीने मिनिटांवर आला.

येथे खरी अडचण पडद्याची होती. त्या काळच्या लेसर छपाईयंत्रात एका इंचात ३०० बिंदू मावत, तर पडद्यावर सुमारे ७२ ते १०० एवढेच. तेव्हा ३०० बिंदूंसाठी काढलेले आकार तिपटीने लहान करून दाखवावे लागत. तीन आडव्या व तीन उभ्या अशा नऊ बिंदूंच्या घराऐवजी पडद्यावर एकच बिंदू येई. तो काळा करावा की पांढरा, हे घरातील काळ्या बिंदूंच्या संख्येवरून ठरविले जाई. पुढे ह्या संख्येनुसार करड्या रंगाच्या छटा देण्याची युक्ती आली आणि पडद्यावरील अक्षरे पुष्कळच वाचनीय झाली. ज्याला बारकावा पाहावयाचा असेल त्याच्यासाठी भिंगाचीही सोय होती. पानावर माउसचे बटन दाबून धरले की तेवढ्या भागाचे न आटविलेले मूळ रूप एका लहान चौकटीत दिसे. मुद्रितशोधकाच्या मेजावरील भिंगाचाच हा नवा अवतार होय.

फॉन्टाचे आकार जागेवर नसतील तर पूर्वदर्शक थांबत नसे. तो दुसरी आज्ञा देऊन 'मेटाफॉन्ट'कडून हवे ते आकार काढवून घेई, आणि त्या वेळी टर्मिनलवर त्या कामाच्या ओळी सरकताना दिसत. पाहणाऱ्याला प्रतीक्षा करावी लागे खरी. परंतु पान कशाकशाचे बनते ह्याचे ज्ञानही त्याला आपोआप होई. लेखन, जुळणी, आकार व दर्शन ह्यांचे पृथक्त्व ह्या पद्धतीने कधी झाकले नाही, आणि तिचे हेच वैशिष्ट्य पुढील विवेचनात उपयोगी पडणार आहे.

५. देवनागरीचे प्रकरण

इंग्रजीत लिहिणाऱ्याला पूर्वदर्शक ही सोय होती. टर्मिनलवर टंकलेला मजकूर त्याला तेथेच वाचता येत असे, आणि पूर्वदर्शकात तो अधिक सुबक दिसे एवढेच. देवनागरीत लिहिणाऱ्याची स्थिती मूलतः निराळी होती. त्याच्या टर्मिनलवर देवनागरी नव्हतीच.

नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन विद्यापीठातील फ्रान्स व्हेल्टहाउस ह्यांनी १९९१ साली 'मेटाफॉन्ट'मध्ये देवनागरीचे आकार रचून 'टेख'साठी देवनागरी जुळणीची व्यवस्था केली. तिची रीत अशी : लेखकाने मजकूर रोमन अक्षरांत टंकावा. दीर्घ स्वरासाठी रोमन स्वर दोनदा लिहावा, मूर्धन्य व्यंजनासाठी आधी टिंब द्यावे, महाप्राणासाठी 'एच' जोडावे. म्हणजे 'ठ' टंकावयाचा तर टिंब, 'टी' व 'एच' असा क्रम होई. हा मजकूर प्रथम एका पूर्वसंस्कारक आज्ञावलीतून जाई. ती व्यंजने व स्वर ओळखून कोणती जोडाक्षरे व कोणते अर्धाक्षरांचे तुकडे लागतील ते ठरवी. मग 'टेख' जुळणी करी, आणि अखेर पूर्वदर्शक पान दाखवी. मराठी वाचकाला परिचित असलेली मुंबई वळणाची अक्षरे, जी निर्णयसागरासारख्या छापखान्यांच्या खिळ्यांतून आपल्या डोळ्यांना सवयीची झाली, तीही ह्या व्यवस्थेत उपलब्ध होती.

ह्याचा अर्थ असा की कळफलकावर, संपादकाच्या चौकटीत, अथवा जुळणीच्या वृत्तांतात, कोठेही देवनागरी दिसत नसे. ती प्रथम दिसे ती पूर्वदर्शकाच्या पडद्यावर. इंग्रजी लेखकासाठी जो शेवटचा टप्पा होता तो देवनागरी लेखकासाठी वाचनाचा पहिला टप्पा ठरला. साहजिकच त्याच्या मनात 'खरा पाठ' म्हणून पडद्यावरील प्रतिमेची प्रतिष्ठा झाली, आणि रोमन अक्षरांतील मूळ फाइल ही केवळ खटाटोपाची एक पायरी वाटू लागली. मानसिकदृष्ट्या हे अगदी समजण्यासारखे आहे. शास्त्रदृष्ट्या मात्र ते उलटे आहे.

ते कसे, हे डीव्हीआय फाइलीतील क्रम पाहिला म्हणजे कळते. 'किती' हा शब्द घ्या. मूळ फाइलीत तो क्, इ, त्, ई अशा उच्चाराच्या क्रमाने असतो. डीव्हीआय फाइलीत मात्र पहिली वेलांटी 'क'च्या आधी उमटविण्याची सूचना असते, मग 'क', मग 'त', मग दुसरी वेलांटी. 'अर्थ' ह्या शब्दात 'र्' हा 'थ'च्या आधी उच्चारला जातो, परंतु रफाराचा तुकडा 'थ'च्या नंतर येतो. संयुक्ताक्षरांत एकाच व्यंजनासाठी कधी अर्धा आकार, कधी संपूर्ण जोडाक्षराचा आकार वापरलेला असतो. फाइलीतील अंक हे वर्णांचे नसून आकारांचे क्रमांक असतात. लिपीच्या दृष्टीने ही नोंद अचूक आहे, भाषेच्या दृष्टीने ती विस्कटलेली आहे. डीव्हीआय फाइलीतील अक्षरे साध्या टर्मिनलवर दाखविणारी 'डीव्हीआयटूटीटीवाय' नावाची आज्ञावली आहे. इंग्रजी पान तिच्याद्वारे बऱ्यापैकी वाचता येते. देवनागरी पान तिच्यातून पाहिले तर रोमन अक्षरांचा व चिन्हांचा अर्थशून्य मेळ समोर येतो. आकार बाजूला काढताच भाषा हरपते, ह्याहून स्पष्ट प्रात्यक्षिक दुसरे नसेल.

पडद्यावरील प्रतिमा पाठ म्हणून अपुरी पडते ह्याचे आणखी एक कारण पडद्याच्या स्थूलतेत आहे. देवनागरीची शिरोरेषा सलग दिसली तरी ती प्रत्येक अक्षराच्या माथ्यावरील तुकड्यांनी बनते. सूक्ष्मभागांतील अंतरे पडद्याच्या बिंदूंत बसविताना पूर्णांक करावे लागतात, आणि एका इंचात शंभर बिंदू धरले तर एका बिंदूत सुमारे ४७ हजार सूक्ष्मभाग मावतात. खरे स्थान व पडद्यावरील स्थान ह्यांत दोन बिंदूंहून अधिक तफावत पडू देऊ नये, अशी मर्यादा क्नूथ ह्यांच्या नमुनादाखल आज्ञावलीत आहे. तेवढी तफावतही शिरोरेषेत खाच पाडावयास पुरते. अनुस्वाराचा बिंदू मात्रेला चिकटू शकतो. ह्या चुका पाठाच्या नव्हेत, पडद्याच्या आहेत, हे न जाणणारा मुद्रितशोधक नसलेल्या दोषांच्या मागे लागतो आणि असलेल्यांकडे त्याचे दुर्लक्ष होते.

मराठीपुरते एक उदाहरण विशेष उद्बोधक आहे. 'दर्या' म्हणजे समुद्र, आणि 'दऱ्या' हे 'दरी'चे अनेकवचन. 'आचार्यास' म्हणजे गुरूला, तर 'आचाऱ्यास' म्हणजे स्वयंपाक्याला. पहिल्या जोडीतील शब्दांत अक्षराच्या माथ्यावरचा रफार व अक्षराच्या डावीकडची आडवी वळलेली रेघ एवढाच दृश्य भेद आहे. उच्चारात तो अक्षरविभागणीचा व आघाताचा आहे. तिपटीने आटविलेल्या पानावर ही लहानशी रेघ नीट दिसेलच असे नाही. परंतु मूळ फाइलीत हे दोन शब्द भिन्न संकेतांनीच लिहावे लागतात, कारण संकेत भिन्न नसेल तर आकारही भिन्न निघणार नाही. युनिकोडातही हीच गोष्ट दिसते. 'दऱ्या' लिहिताना खाली टिंब असलेल्या 'ऱ'ला हलन्त जोडण्याचा संकेत ठरलेला आहे. सारांश, ज्या भेदावर अर्थ अवलंबून आहे तो प्रतिमेत क्षीण आणि मूळ पाठात निश्चित असतो.

६. प्रतिमा उरली, पाठ हरवला

भारतातही ह्याच काळात ह्या प्रश्नाचा विचार वेगळ्या दिशेने होत होता. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक ह्या संस्थेने 'जिस्ट' तंत्राचा विकास केला. त्यासाठी साध्या संगणकात एक जोडपत्र बसवून टर्मिनलच्या पडद्यावरच भारतीय लिप्या दाखविल्या जात. त्यामागे 'इस्की' हा संकेत होता, आणि भारतीय मानक संस्थेने त्याला १९९१ साली मान्यता दिली. ह्या संकेतात वर्ण उच्चाराच्या क्रमाने साठविले जातात आणि आकार ठरविण्याचे काम दर्शनाच्या वेळी होते. १९९१ च्या युनिकोडाने देवनागरीसाठी हीच वर्णव्यवस्था आधाराला घेतली. तात्त्विकदृष्ट्या पाठ व प्रतिमा ह्यांची फारकत येथे शास्त्रशुद्ध रीतीने झाली होती.

व्यवहार मात्र पुष्कळ काळ उलटाच चालला. १९९० नंतर मराठी प्रकाशनव्यवसायात जे अनेक फॉन्ट रूढ झाले त्यांत संकेत वर्णांचे नसून आकारांच्या तुकड्यांचे होते. पडद्यावर देवनागरी दिसली म्हणजे देवनागरी साठविली गेली, अशी समजूत सर्वत्र होती. १९९३ साली 'पीडीएफ' हा प्रकार आला. १९९० च्या दशकात ब्रनो येथील मासारिक विद्यापीठात हान थे थान ह्यांनी 'टेख'चे फलित थेट पीडीएफमध्ये देणारी आज्ञावली रचली, आणि डीव्हीआय फाइलीचे व तिच्या पूर्वदर्शकाचे महत्त्व ओसरत गेले. पीडीएफ फाइलीत अक्षरांचे आकार सामावलेले असतात. म्हणून ती कोठेही उघडते व सारखीच दिसते. ह्या गुणामुळेच ती साठवणीची वस्तू झाली, आणि तिच्या आत पाठ आहे की नाही हे कोणी पाहिले नाही. तुकड्यांच्या संकेतांतून बनविलेल्या मराठी पीडीएफमधून एक वाक्य उचलून दुसरीकडे ठेवले तर निरर्थक चिन्हे हाती येतात, हा अनुभव अनेक अभ्यासकांना आहे.

भाषेच्या अभ्यासकाचे ह्यात प्रत्यक्ष नुकसान आहे. शब्दसंग्रह, वारंवारतेची कोष्टके, विभक्तिरूपांची गणना, बोलीतील नोंदींचा तौलनिक अभ्यास, ह्या सर्वांना पाठ लागतो, प्रतिमा पुरत नाही. एका पिढीने संगणकावर लिहिलेले प्रबंध व संपादने आज दिसतात, परंतु शोधता येत नाहीत. दीडशे वर्षांपूर्वीच्या शिळाछापाच्या पोथीची जी अवस्था, तीच तीस वर्षांपूर्वीच्या संगणकीय प्रबंधाची झाली आहे.

ह्याच्या उलट उदाहरण महाभारताचे आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीचा पाठ जपानी विद्वान मुनेओ तोकुनागा ह्यांनी रोमन संकेतांत संगणकावर उतरविला आणि केंब्रिजच्या जॉन स्मिथ ह्यांनी तो संशोधित केला. त्या पाठाला आरंभी देवनागरीचे रूपही नव्हते. परंतु संकेत निश्चित व उच्चारानुसारी असल्यामुळे पुढे त्यापासून युनिकोडातील देवनागरी व रोमन दोन्ही रूपे निर्माण करता आली, आणि आज तो कोणालाही शोधता येतो. दिसावयास अनाकर्षक असलेली फाइल टिकली, कारण तीत पाठ होता.

२००४ साली जोनाथन क्यू ह्यांनी 'झीटेख' प्रसिद्ध केली. तिच्या योगाने युनिकोडातील देवनागरी मजकूर सरळ टंकून जुळविता येऊ लागला. आज टर्मिनलवर व संपादकातही देवनागरी दिसते, आणि पूर्वदर्शनाचे काम बहुधा पीडीएफ दाखविणाऱ्या आज्ञावली करतात. 'एक्सडीव्हीआय' अजूनही 'टेख'च्या संचाबरोबर मिळते, तरी तिच्याकडे वळणारे थोडेच. तिचे युग सरले असे म्हणण्यास हरकत नाही.

७. उपसंहार

वरील इतिहासातून निघणारा निष्कर्ष मर्यादित पण व्यवहार्य आहे. पूर्वदर्शक हा खिळ्यांच्या छापखान्यातील मुद्रिताचा वारस होय. मुद्रित हे तपासण्यासाठी असते, जपण्यासाठी नसते, हे तत्त्व जुन्या मुद्रितशोधकांना कोणी शिकवावे लागले नाही, कारण हस्तलिखित त्यांच्या मेजावर शेजारीच पडलेले असे. आज्ञा टंकून उघडणाऱ्या पूर्वदर्शकाने हे पृथक्त्व कायम राखले होते. प्रत्येक वेळी मूळ फाइल, जुळणी आणि दर्शन ही तीन नावे लेखकाला स्वतः टंकावी लागत. देवनागरीच्या बाबतीत प्रतिमेच्या ओढीने आपण ते विसरलो.

ह्यावरून विद्यापीठीय विभागांनी आपल्या संग्रहांविषयी एक नियम करण्यासारखा आहे. प्रबंध वा संपादित ग्रंथ दाखल करून घेताना केवळ पाहण्याजोगी प्रत घेऊन थांबू नये. तिच्याबरोबर मूळ मजकुराची फाइल, ती ज्या संकेतात लिहिली त्याचे कोष्टक, आणि जुळणीसाठी वापरलेल्या फॉन्टांची नावे, ही तीन्ही घ्यावीत. रोमन संकेतांत लिहिलेल्या जुन्या फाइली कोणापाशी शिल्लक असतील तर त्या टाकाऊ समजू नयेत. त्यांचे रूपांतर आजही थोड्या श्रमात करता येते. ज्यांची केवळ प्रतिमा उरली आहे त्यांचे मात्र अक्षर न् अक्षर पुन्हा वाचून टंकावे लागेल, आणि त्या कामी 'दर्या' कोठे व 'दऱ्या' कोठे हे ठरविण्यास मूळ लेखक उपलब्ध असेलच असे नाही.